सारायेव्होचं भुयार: चालायला वीस मीटर, समजायला आठशे

तिकीट काढून आत गेलेला माणूस घाईत असेल तर अर्ध्या तासात बाहेर येतो, आणि बऱ्याच जणांच्या तोंडी तेव्हा एकच प्रश्न असतो: एवढंच? बोस्नियाच्या राजधानीतल्या, सारायेव्होच्या ‘तुनेल स्पासा’बद्दल, म्हणजे सुटकेच्या भुयाराबद्दल, ही तक्रार नेहमीची आहे आणि ती खोटीही नाही. ८०० मीटरच्या मूळ भुयारातला वीस-पंचवीस मीटरचा तुकडाच काय तो मूळ रूपात चालून बघता येतो. पण खरी उणीव लांबीची नाही. हे संग्रहालय भुयार नीट दाखवतं, ते खणावं का लागलं हे सांगताना मात्र हात आखडता घेतं. ती माहिती आपणच बरोबर घेऊन गेलो तर सारायेव्होत यासारखी दुसरी जागा नाही.

आत शिरण्याआधी विमानतळाच्या दिशेला पाच मिनिटं बघत उभं राहा. विमानं अगदी डोक्यावरून उतरतात. कुंपणापलीकडे धावपट्टी, तिच्या पलीकडे दोब्रिन्या वसाहतीच्या इमारती, आणि पाठीमागे इग्मानचा डोंगर. सगळा मामला या तीन गोष्टींत आहे.

सारायेव्हो मिल्याच्का नदीच्या अरुंद, लांबट खोऱ्यात वसलं आहे. एप्रिल १९९२ मध्ये, बोस्निया युगोस्लाव्हियातून वेगळा होत असताना, त्याला विरोध असलेल्या बोस्नियन सर्ब फौजांनी भोवतालच्या टेकड्या धरल्या आणि तोफा, उखळी तोफा शहरावर रोखल्या. पुढचे १,४२५ दिवस, २९ फेब्रुवारी १९९६ पर्यंत, वेढा टिकला. शहरात माणसं भरपूर होती, शस्त्रं मात्र नव्हती. संयुक्त राष्ट्रांनी २५ सप्टेंबर १९९१ च्या ठराव ७१३ ने सगळ्या युगोस्लाव्हियाला शस्त्रबंदी लावली होती आणि जुन्या युगोस्लाव सैन्याचं जड साहित्य आधीच सर्ब बाजूच्या हाती पडलं होतं. वेढ्याला फट एकाच जागी होती, नैऋत्येला. धावपट्टीच्या शहराकडच्या बाजूला वेढलेली दोब्रिन्या, दुसऱ्या बाजूला बुतमिर, ह्रास्नित्सा आणि इग्मानवरून बाहेर जाणारा रस्ता, म्हणजे बोस्नियन सरकारच्या ताब्यातला मुलूख. मधे फक्त विमानतळ.

विमानतळाबाबत ५ जून १९९२ रोजी करार झाला आणि २९ जूनला तिथे संयुक्त राष्ट्रांचा झेंडा चढला. मदतीची विमानं उतरू लागली. ३ जुलै १९९२ ते ९ जानेवारी १९९६ एवढा काळ चाललेला हा हवाई पुरवठा १९४८-४९ मधल्या बर्लिनच्या हवाई पुरवठ्यापेक्षाही लांबला. पण शांतिसेनेने विमानतळ हाती घेतला तो कोणालाही धावपट्टी ओलांडू द्यायची नाही, या अटीवर. मग लोक रात्री पळत ती ओलांडायचे. शांतिसेनेच्या गाड्या त्यांच्यावर प्रकाशझोत टाकायच्या, त्याच उजेडात दोन्ही टोकांकडून नेमबाज गोळ्या झाडायचे, आणि वाचून पकडले गेलेल्यांना आल्या दिशेला परत सोडलं जायचं. शेकडो माणसं त्या डांबरावर मेली. जमिनीच्या वरून वाट नाही म्हणून खालून काढली, इतकं साधं कारण. संग्रहालयात ते आहे, पण फलकांमध्ये विखुरलेलं. एका मोठ्या नकाशावर बाणांनी दाखवलं असतं तर ‘एवढंच?’ विचारणारे निम्मे लोक गप्प झाले असते.

जाता जाता: त्या वेळी या शांतिसेनेचे प्रमुख होते लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, मराठा लाइट इन्फंट्रीचे अधिकारी, १९७१ च्या युद्धातले वीरचक्र विजेते. मार्च १९९२ ते मार्च १९९३ त्यांनी ही जबाबदारी सांभाळली. मुख्यालय आधी सारायेव्होतच होतं, मे १९९२ मध्ये ते तिथून हलवावं लागलं. भुयार खणलं गेलं त्या महिन्यांत ते पदावरून उतरले होते.

आता भुयाराबद्दल. किल्ल्याच्या चोरदिंडीसारखं काहीतरी मनात धरून गेलात तर फसाल. चोरवाट किल्ला बांधतानाच ठेवतात, सवडीने, दगडात. हे काम वेढा पडल्यावर, तोफांच्या माऱ्याखाली, पाणथळ सपाट जमिनीत, कुदळ-फावड्यांनी झालेलं आहे. सांकेतिक नाव ‘डी-बी’, दोब्रिन्या–बुतमिर. आखणी स्थापत्य अभियंता नेद्झाद ब्रान्कोविच यांची. हेच पुढे बोस्नियाच्या फेडरेशनचे, म्हणजे देशाच्या दोन घटकांपैकी एकाचे, पंतप्रधान झाले. १९९३ च्या सुरुवातीला दोन्ही टोकांकडून खणायला लागले, आठ-आठ तासांच्या तीन पाळ्यांत, दिवसरात्र. यंत्र नाही. माती हातगाडीने बाहेर. मजुरी म्हणून दिवसाला सिगारेटचं एक पाकीट, आणि ते कमी समजू नका: सिगारेट तेव्हा चलनासारखी चालायची. उजेड म्हणजे डब्यात खाद्यतेल आणि त्यात दोरीची वात. ३० जूनला दोन्ही बाजू मधे मिळाल्या आणि १ जुलैपासून वाहतूक सुरू झाली.

आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. रुंदी एक मीटर, उंची सरासरी १.६ मीटर. बाहेर काढलेली माती सुमारे २,८०० घनमीटर, वापरलेलं लाकूड १७० घनमीटर, लोखंड ४५ टन. हिशेब करायची खोड असलेल्यांना इथे शंका येईल: ८०० × १ × १.६ म्हणजे १,२८० घनमीटर, मग माती दुपटीहून जास्त कशी? उत्तर आतल्या चौकटींकडे बघून मिळतं. १.६ मीटर ही चौकट बसल्यावर उरलेली मोकळी जागा आहे. खणताना भोक त्याहून मोठं घ्यावं लागतं, कारण दोन्ही कडांचे टेकू, वरची तुळई आणि त्यामागच्या फळ्या यांना जागा लागते. शिवाय दोन्ही तोंडांपाशी गोळीपासून आडोसा देणारे खंदक होते, ती माती वेगळीच. आणि खणलेली माती सुटी झाल्यावर फुगते. टेकू लाकडाचे आणि लोखंडाचे असे दोन्ही आहेत. शहरात लाकूड उरलंच नव्हतं. बागेतली झाडं, फर्निचर, पुस्तकं पहिल्याच हिवाळ्यात चुलीत गेली होती.

सगळ्यात मोठी अडचण तोफगोळ्यांची नव्हती, पाण्याची होती. जमिनीतलं पाणी वर होतं, पावसाने आणखी चढायचं, आणि उपसा हाताने. भुयार सुरू झाल्यावरही तळाशी पाणी साचायचं. त्याच अरुंद जागेतून पुढे वीजवाहिनी, टेलिफोनच्या तारा आणि इंधनाची नळी नेली. ओल्या फरशीवर, वाकून चालणाऱ्या माणसांच्या खांद्याला लागून वीज आणि तेल एकत्र: कुठल्याही सुरक्षा निरीक्षकाने हे एका मिनिटात बंद केलं असतं. शहराच्या इस्पितळांना वीज मात्र त्यामुळेच मिळू शकली.

वाहतूक एका वेळी एकाच दिशेने, कारण एक मीटरमध्ये पाठीवर ओझं घेतलेली दोन माणसं एकमेकांशेजारून जाऊ शकत नाहीत. त्यामुळे लोक टोळ्यांनी सोडले जायचे, कधी वीस, कधी कित्येक शेकडा, आणि समोरची टोळी संपेपर्यंत थांबून राहायचे. एकेकाच्या पाठीवर सरासरी ५० किलो. ८०० मीटरला एवढा वेळ कसा, असं वाटेल, पण पूर्ण वारीला सरासरी दोन तास धरायचे. नंतर रूळ टाकले आणि ४०० किलो माल पेलणाऱ्या छोट्या गाड्या ढकलायला सुरुवात झाली. दिवसाला तीन ते चार हजार माणसं आणि ३० टन माल, हा नेहमी सांगितला जाणारा आकडा. तुम्हाला आत जो रूळ दिसतो, तो यातला. त्याच्या मधोमध पाय टाकून चाला. बाजूने चाललात तर घोटा मुरगळतो.

आता घर. भुयाराचं बुतमिरकडचं तोंड कोलार कुटुंबाच्या घराशी होतं आणि संग्रहालय त्याच घरात आहे. युद्धानंतर कुटुंबानेच ते बरीच वर्षं चालवलं, हल्ली सारायेव्हो कॅन्टनच्या, म्हणजे तिथल्या प्रांताच्या, स्मारक निधीकडे आहे. दर्शनी भिंत गोळ्यांनी चाळण झालेली, तशीच ठेवली आहे. अंगणातल्या काँक्रीटमध्ये न फुटलेला उखळी तोफेचा गोळा रुतलेला दिसतो. आतल्या खोल्यांत गणवेश, खोदायची अवजारं, मदतीच्या पाकिटांचे नमुने, ढकलगाडी आणि तेव्हाचे बोस्नियाचे अध्यक्ष अलिया इझेतबेगोविच यांना आतून नेण्यासाठी वापरलेली चाकांची खुर्ची. भुयारातून येणाऱ्या सैनिकांना पाणी देणाऱ्या शिदा कोलार या आजीबाईंचाही फोटो बघायला मिळतो. माहितीपट छोटा आहे, बराचसा जुन्या चित्रणाचा, निवेदन फार नाही. तो शेवटी नको, आधी बघा. हे चित्रण डोक्यात असेल तर त्या वीस मीटरमध्ये थोडंतरी आठशे मीटर जाणवतात.

वस्तूंची मांडणी प्रामाणिक आहे, ही या संग्रहालयाची मोठी जमेची बाजू. पुतळे, धूर, नकली स्फोटांचे आवाज यांचा भडिमार नाही. उणिवा तीन. एक, फलकांवर सनावळी आहे, कार्यकारण कमी. दोन, गटांची गर्दी. सकाळी दहा ते एकच्या दरम्यान सहलींच्या गाड्या एकामागून एक येतात आणि त्या एक मीटर रुंदीत तीस जण अडकले की कोणालाच काही दिसत नाही. उघडताच पोहोचा किंवा दुपारी तीनच्या सुमारास. चारनंतरचा बेत नको, हिवाळ्यात लवकर बंद होतं. तीन, अवघड बाजूबद्दलचं मौन.

त्या तिसऱ्याबद्दल थोडं सविस्तर. भुयार सैन्याच्या ताब्यात होतं आणि जायला परवाना लागायचा. जिथे परवाना, तिथे वशिला आणि पैसा हे ओघानेच आलं. शहरात चलन जर्मन मार्क, काळा बाजार तेजीत. भुयार सुरू झाल्यावर शहरातले भाव उतरले, आणि ज्यांच्या हातात ही वाट होती त्यांचे खिसेही भरले. संग्रहालयात ही बाजू जवळपास नाही. वेढलेल्या शहरातल्याच एका ब्रिगेडच्या म्होरक्याने, मुशान तोपालोविच ऊर्फ त्सात्सो याने आणि त्याच्या माणसांनी शहरालगतच्या ट्रेबेविच डोंगरावरच्या काझानी दरीत नेऊन मारलेले नागरिक, बहुतेक सर्ब, हेही इथे येत नाहीत. सरकारनेच ऑक्टोबर १९९३ मध्ये त्याच्यावर कारवाई केली, तीत तो मारला गेला. काझानीला स्मारक उभं राहायला २०२१ उजाडलं. यामुळे वेढा घालणाऱ्यांचा गुन्हा तसूभरही कमी होत नाही. हेगच्या युद्धगुन्हे न्यायालयाने वेढ्याच्या सेनापतींपैकी स्तानिस्लाव गालिच याला जन्मठेप, द्रागोमिर मिलोशेविच याला २९ वर्षं दिली, आणि बोस्नियन सर्बांचा सेनाप्रमुख राटको म्लादिच व राजकीय नेता राडोवान काराजिच यांच्या जन्मठेपेतही सारायेव्होतली दहशत हा एक आरोप सिद्ध झालेला आहे. एवढा भक्कम निकाल पाठीशी असताना संग्रहालयाला आपल्या बाजूचा डाग दाखवायला भ्यायचं कारण नव्हतं.

शब्दाचंही भान ठेवा. आपल्याकडे बातम्यांत ‘बोस्नियातलं यादवी युद्ध’ असं सर्रास लिहिलं गेलं. सारायेव्होत तसं म्हटलंत तर वाटाड्या हसून, पण ठामपणे दुरुस्ती करेल: ‘आग्रेसिया’, आक्रमण. सर्बियाच्या राजधानीतून, बेलग्रेडहून, पैसा, शस्त्रं आणि माणसं येत होती, हा त्यांचा मुद्दा. रस्ता ओलांडून सर्ब वस्तीच्या पूर्व सारायेव्होत गेलात की तिथे यादवीच म्हणतील. कोणाशी वाद घालायचा नसेल तर ‘ओप्सादा’, वेढा, हा शब्द दोन्हीकडे चालतो.

पोहोचायचं कसं. जुन्या बाजारातून, बाश्चार्शियाहून, ३ नंबरची ट्राम शेवटच्या थांब्यापर्यंत: इलिजा. तिकीट टपरीवरून घेतलेलं बरं, आणि चढल्याबरोबर यंत्रात ठसा मारा. तपासनीस परदेशी माणसाकडे आधी येतो आणि ‘माहीत नव्हतं’ ऐकून घेत नाही. इलिजाहून ३२ नंबरची कोतोरात्सची बस, तिच्याही शेवटच्या थांब्यापर्यंत. उतरल्यावर पूल ओलांडून डावीकडे वळा, दहा मिनिटांची चाल, पाट्या आहेत. ३२ नंबर वारंवार येत नाही, म्हणून उतरतानाच परतीच्या वेळेचा फोटो काढून ठेवा. टॅक्सी केली तर मीटर चालू करायला सांगा. विमानतळावर उतरलेले काही जण नकाशावर अंतर बघून चालत निघतात. धावपट्टी अजूनही ओलांडता येत नाही, सगळा वळसा घालून जावं लागतं. पैसे रोख ठेवा. चलन ‘परिवर्तनीय मार्क’. एका युरोला १.९५५८३, हा दर ठरलेला आहे, त्यामुळे युरोत हिशेब सांगणाऱ्याने एकाला दोन लावले तर दोन-अडीच टक्के इकडेतिकडे, त्यात वाद घालण्यात अर्थ नाही.

सहल की स्वतःहून? भुयारापुरतं स्वतःहून जाणं स्वस्त आणि सोपं. पण वेढा समजून घ्यायचा असेल तर ट्रेबेविचची टेकडी, तिथली १९८४ च्या हिवाळी ऑलिंपिकची काँक्रीटची बॉबस्ले (बर्फावरच्या शर्यतीच्या गाडीची) घसरण, ज्यू दफनभूमी आणि भुयार एकत्र दाखवणारी अर्ध्या दिवसाची सहल घ्या. तोफा जिथे होत्या तिथे उभं राहून खाली बघितलं की हे शहर ताटात वाढल्यासारखं दिसतं, आणि कोणताही फलक ते सांगू शकत नाही. आरक्षण करताना एवढंच विचारा: वाटाडा वेढ्याच्या काळात शहरात होता का, आणि भुयारात किती वेळ देणार? पाऊण तासापेक्षा कमी सांगितलं तर दुसरी सहल बघा. फक्त टेकडी हवी असेल तर ६ एप्रिल २०१८ ला पुन्हा सुरू झालेली केबल कार आहेच.

कोणी टाळावं: बंदिस्त जागेची भीती असणाऱ्यांनी आतला भाग सोडावा, घर आणि अंगण बघून वेळ वाया जात नाही. साडेपाच फुटांच्या आसपास उंची असेल तर मान वाकवावी लागते, सहा फुटांच्या माणसाला कंबरही. पाठीवरची सॅक काढून पोटाशी घ्या, नाहीतर ती वरच्या तुळईला अडकते आणि मागचा माणूस अंगावर येतो. चाकाची खुर्ची भुयारात जात नाही. मुलांना न्यायला हरकत नाही, इथे रक्त-मांसाची चित्रं अंगावर येत नाहीत. मुलं बरोबर असतील तर शहरातलं युद्धकाळातल्या बालपणाचं संग्रहालय मात्र जरूर जोडा. ते जानेवारी २०१७ मध्ये उघडलं; एकेक साधी वस्तू आणि तिच्या मालकाने सांगितलेली चार ओळींची आठवण, इतकीच मांडणी. भुयार-संग्रहालयात जे हरवलं आहे ते तिथे सापडतं.

परतीची ट्राम पकडली की उजव्या बाजूची खिडकी धरा. ही ट्राम ज्या रुंद रस्त्याने जाते तीच ‘नेमबाजांची गल्ली’. उजवीकडे इतिहास संग्रहालय येईल, तिथे उतरा. वेढ्यातली घरगुती जुळवाजुळव तिथल्या दालनात आहे: पत्र्याच्या डब्यांपासून केलेल्या चुली, पाणी वाहायचे कॅन, कुठल्याही छापील कागदात गुंडाळलेल्या सिगारेटी. शहरातल्या बीअर कारखान्याच्या स्वतःच्या झऱ्यावर लोक पाण्याला रांग लावायचे, हे माहीत असेल तर ते कॅन नुसते कॅन राहत नाहीत. इमारतीच्या मागे इकार कंपनीच्या गोमांसाच्या डब्याचं मोठं स्मारक आहे, मदतीत आलेल्या आणि कुत्री-मांजरंही नाकारायची असं ज्याबद्दल सांगतात त्या डब्याचं. खाली ओळ: आंतरराष्ट्रीय समुदायाला, सारायेव्होच्या कृतज्ञ नागरिकांकडून. टोमणा मारण्यात हे लोक पुणेकरांना हार जाणार नाहीत.

भूक लागली तर शाकाहारींसाठी एक खूण: सारायेव्होत ‘बुरेक’ म्हणजे फक्त मांसाचा. चीजचा हवा तर ‘सिर्नित्सा’, पालकाचा ‘झेल्यानित्सा’, बटाट्याचा ‘क्रोम्पिरुशा’ मागा. चीजचा बुरेक मागितलात तर दुकानदार आधी शब्द सुधारेल, मग वाढेल. ‘पावलाका’ म्हणून वर ओततात ती आंबटसर साय घ्याच.